टायची सुरगाठ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. "रविवारी गावाकडं ये. नातवाला टाय बांधायचा कसा ते दाखवायचंय. मला काय येत न्हाय." एवढे बोलून त्याने फोन ठेवला. शेवटचे वाक्य साफ खोटे होते. त्याला टाय बांधता येत होता हे मला पक्के ठाऊक होते, कारण आम्ही दोघे तो एकाच दिवशी, एकाच खांबाशी, एकाच माणसाकडून शिकलो होतो. ती गोष्ट १९७३ सालची.

आमचे औंढे हे लोणावळ्याला खेटून असलेले गाव. द्रुतगती मार्गाने पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांच्या कानांवरून 'औंढे पूल' हे शब्द गेले असतील, बहुधा अपघाताच्या बातमीतून. १९७३ मध्ये तो मार्ग नव्हता. भाताची खाचरे होती, रेल्वेची लाइन होती, समोर लोहगड-विसापूरची जोडी होती आणि पावसाळ्याचे चार महिने यातले काहीच दिसत नव्हते. गावातले पुरुष शेती सांभाळून लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांवर माळीकाम करीत, कोणी रेल्वेत गँगमन असे, कोणी 'आयएनएस शिवाजी'त कामाला असे. माझे वडील गँगमन होते. चुलते शेती करीत आणि सुगी संपली की बाजारात हमाली. आम्हा दोन चुलतभावांना पाचवीत अर्ध्या फीवर एका मुलांच्या शाळेत घेतले गेले. शाळेचे नाव मुद्दामच देत नाही. तिथे काही मुले बोर्डिंगात राहणारी होती आणि आमच्यासारखी बरीच रोज पायी येणारी. गावापासून शाळा चांगली सव्वा तासाच्या वाटेवर होती.

यादीत शर्ट, पँट, बूट यांच्याबरोबर टाय होता. मरून रंगाचा, बिनरेघांचा. तो विकत आणला, पण बांधणार कोण? अख्ख्या आळीत टाय बांधता येणारा माणूस नव्हता. शेवटी आईने आपल्या भावाला निरोप धाडला. मामा खंडाळ्याला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर बटलर होता. त्याने आम्हा दोघांना ओसरीवर उभे केले आणि टाय घातला तो ओसरीच्या खांबाला. "आधी खांबाला बांधायचा, मग गळ्याला. खांब तक्रार करत नाही." रुंद टोक वरून, मागून, पुन्हा वरून, मग खालून वर काढून फासात. वडील बाजूला तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "ही तर सुरगाठ. बैलाच्या दाव्याला मारतो तीच." मामाला ते आवडले नाही, पण खरे होते. गाठींच्या आपल्याकडे दोन जाती : ओढली की सुटते ती सुरगाठ आणि ओढावी तितकी आवळते ती निरगाठ. टायची गाठ सुरगाठ असते. इंग्रजीत या साध्या गाठीचे नाव चार घोडे हाकण्यावरून पडले आहे, हे मला फार पुढे कळले. म्हणजे वडिलांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. बैलांऐवजी घोडे, एवढाच फरक.

तीन वर्षे तो मरून टाय आमच्या दोन घरांत मिळून वापरला गेला. खरे तर दोन घरांत तीन टाय होते आणि एखादा भिजलेला असला की दुसरा हाताशी असे. मावळातल्या पावसात हे महत्त्वाचे. आमच्याकडे जूनमध्ये धुतलेला कपडा चुलीवर धरल्याशिवाय वाळत नाही, आणि मग त्याला जो धुराचा वास लागतो तो गणपतीपर्यंत जात नाही. वर्गात वास घेऊन कोण कुठल्या गावचे हे सांगता येई.

मग १९७६ साली, आम्ही आठवीत असताना, शाळेने 'हाऊस' सुरू केली. म्हणजे बोर्डिंगातल्या मुलांची हाऊसे होतीच, ती आता सगळ्या शाळेला लागू केली. तांबडे, निळे, हिरवे, पिवळे. प्रत्येकाचा टाय वेगळा, मरून कापडावर त्या त्या रंगाच्या तिरक्या रेघा. घरी आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "कसली हौस आलीया आता?" आम्ही हसलो. हजेरीच्या क्रमांकाने वाटणी झाली. मी निळ्यात गेलो, चुलतभाऊ पिवळ्यात.

या 'हाऊस'चे मूळ इंग्लंडात आहे आणि ते अगदी शब्दशः घरच आहे. विंचेस्टरची शाळा १३८२ सालची, ईटनची १४४० सालची. तिथे धर्मादाय विद्यार्थी संस्थेच्या आवारात राहत, आणि पैसे भरून शिकायला आलेली पोरे गावात कोणाच्या तरी घरी भाड्याने. ही घरे चालवणाऱ्या बायका असत, त्या जेवण घालीत, दिवा मालवीत. पुढे मास्तरांनी ही घरे आपल्याकडे घेतली. रग्बी शाळेचा हेडमास्तर टॉमस आर्नल्ड याने १८२८ ते १८४२ या काळात घरांचा कारभार शिक्षकांच्या हाती दिला आणि वरच्या वर्गातल्या मुलांना धाकट्यांवर शिस्तीचा अधिकार दिला. त्याच्याच एका विद्यार्थ्याने, टॉमस ह्यूजने, १८५७ साली रग्बीवर कादंबरी लिहिली आणि हे सारे जगभर गाजले. त्यानंतर गंमत झाली. जिथे कोणी राहतच नव्हते, दुपारी घंटा झाली की पोरे आपापल्या आईकडे जात होती, अशा दिवसाच्या शाळांनीही हाऊस काढली. घर नाही, खाट नाही, स्वयंपाकघर नाही. उरले फक्त नाव, रंग आणि गुण. आजच्या मुलांना हाऊस ठाऊक आहे ते १९९७ साली आलेल्या हॅरी पॉटरमुळे, आणि तिथेही मुलांना निदान निजायला खोली आहे.

आमच्या शाळेत नेमके हेच दोन प्रकार एका छपराखाली होते. बोर्डिंगातल्या मुलांना हाऊस म्हणजे आपली खाट, आपली पेटी, रात्री कोणी रडले तर उठून पाणी देणारा शेजारी. आम्हा पायी येणाऱ्यांना हाऊस म्हणजे टाय. बस्स. गळ्यात आहे तोवर हाऊस आहे.

भारतात ही पद्धत आली ती राजपुत्रांच्या शाळांतून. राजकोटचे राजकुमार कॉलेज १८७० साली उघडले, अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ साली. मेयोत तर एकेका संस्थानाने आपल्या राजपुत्रासाठी स्वतःचे घर बांधले, नोकरचाकर आणि घोड्यांसह. डेहराडूनची दून शाळा १९३५ सालची. तिथली हाऊस हैदराबाद, काश्मीर, जयपूर, टाटा, अशी पैसा कुठून आला ते नावातच सांगणारी. मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत बार्हम, पामर, सॅव्हेज आणि विल्सन ही साहेबी नावे टिकली. सनावरच्या लॉरेन्स शाळेने डोंगररांगांची नावे घेतली : हिमालय, निलगिरी, शिवालिक, विंध्य. डोंगरांना वारस नसतात, त्यामुळे भांडणही नाही.

पण मराठी माणसाने जाऊन पाहावी अशी हाऊस आहेत ती ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर. तिथली सिंदिया स्कूल ही मुलांची निवासी शाळा माधवराव शिंद्यांनी १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी काढली. बँकेच्या नोकरीत माझी दोन वर्षे ग्वाल्हेरला गेली, तेव्हा एका परिचितांच्या मुलाला भेटायला त्यांच्याबरोबर वर गेलो होतो. एका इमारतीवर राणोजी, दुसरीवर जयाप्पा, पलीकडे महादजी, दौलत, जयाजी, जिवाजी, माधव. आणि शिवाजी. धाकट्या मुलांच्या हाऊसांत एक दत्ताजी. राणोजी या घराण्याचे मूळपुरुष, जयाप्पा आणि दत्ताजी त्यांचे मुलगे. जयाप्पा १७५५ साली नागोरला मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर पडले. दहा-अकरा वर्षांची पोरे त्या दत्ताजीच्या नावाच्या घरात दात घासत होती. धाकट्यांच्याच आणखी एका हाऊसचे नाव वाचून मात्र मी थबकलो : कनेरखेड. हे माणसाचे नाव नव्हे, गावाचे. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड, शिंद्यांचे मूळ गाव. चंबळच्या मुलखात, हिंदी-इंग्रजी बोलणारी, देशभरातून आलेली मुले "मी कनेरखेडचा" असे म्हणतात! कण्हेरखेडच्या एखाद्या म्हाताऱ्याला हे कोणी सांगितले आहे की नाही कोण जाणे.

महादजींच्या नावापाशी मी अधिक रेंगाळलो, कारण ते आमच्या मावळात येऊन गेलेले. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज मुंबईहून बोरघाट चढून वर आली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट ४ जानेवारी १७७९ रोजी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मराठ्यांनी त्याचे शौर्य पाहून त्याला 'इष्टुर फाकडा' केले आणि वडगावला त्याची समाधीही आहे. पुढे तळेगावपर्यंत जाऊन इंग्रज मागे फिरले आणि वडगावात महादजींच्या कोंडीत सापडून तहाला आले. कार्ले आमच्या औंढ्याहून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. मी त्या शिक्षकांना म्हटले, "तुमचे हे महादजी आमच्या शेताच्या बांधावरून गेलेत." ते सौजन्याने हसले. बँकेचा माणूस काहीबाही बोलतो, असे त्यांना वाटले असणार.

आता टायबद्दल. गळ्यातल्या कापडाची फ्रेंचांना गोडी लागली ती सतराव्या शतकात, क्रोएशियाच्या भाडोत्री सैनिकांचे गळपट्टे पाहून. 'क्रावात' हा शब्द त्या देशाच्या नावावरूनच आला. रंगांच्या टायची कथा मात्र पोरांची आहे. १८८० साली ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजातल्या नावाड्यांनी आपल्या गवती टोप्यांच्या रंगीत फिती काढून गळ्यात बांधल्या, असे सांगतात. तिथून क्लब, पलटणी, शाळा सगळ्यांनी आपापले पट्टे ठरवले. इंग्रजी पट्टे डाव्या खांद्याकडून उजवीकडे खाली उतरतात. अमेरिकेतल्या एका कापडवाल्याने ते मुद्दाम उलटे केले. आज टाय सोडला की सुरकुती न राहता पुन्हा सरळ होतो, तेही न्यूयॉर्कच्या एका कारागिराने १९२० च्या दशकात कापड तिरके कापून तीन तुकड्यांत शिवायची युक्ती काढली म्हणून. आणि मग विलायतेत 'जुन्या शाळेचा टाय' हा शब्दप्रयोग रुळला. नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याच्या गळ्यात आपल्याच शाळेचे पट्टे दिसले की काम झाले! आपल्याकडे त्यासाठी टाय लागत नाही, आडनाव पुरते.

म्हणूनच हाऊसला मी सरसकट नावे ठेवणार नाही. गावात आम्ही आमच्या भावकीत वाढलेलो. कोण कोणाच्या पंगतीला बसतो, कोणाच्या विहिरीवर जातो, हे न शिकवता येत होते. निळ्या हाऊसमध्ये माझ्या डाव्या बाजूला नौदलातल्या अधिकाऱ्याचा तमिळ मुलगा होता, उजव्या बाजूला चिक्कीच्या दुकानदाराचा, आणि कबड्डीत माझी साखळी धरणारा मुलगा ज्या वस्तीतला होता त्या वस्तीत आमच्या आजीने आम्हाला कधी पाऊल टाकू दिले नव्हते. हजेरीच्या क्रमांकाने ही भावकी जमवली होती, जन्माने नव्हे. सहा महिन्यांत आम्ही एका डब्यात जेवत होतो. हे त्या चार रंगांनी केले, हे नाकारता येणार नाही.

पण भावकी म्हटली की भांडण आलेच. आणि ही भावकी नवी म्हणून तिचे भांडणही कडक. गुणांचा फळा कार्यालयाबाहेर लावलेला असे. कवायतीला गुण, अभ्यासाला गुण, उशिरा आल्यास वजा दोन, टाय नसल्यास वजा पाच. महिनाअखेर जे हाऊस पहिले येई त्याला शनिवारी हॉलमध्ये सिनेमा दाखवीत. आजच्या मुलांना काय सांगू, त्या सिनेमासाठी आम्ही काय वाटेल ते केले असते.

दहावीत मला निळ्याचा उपनायक केले. माझ्या टायवर आता एक बारीक चंदेरी रेघ आली. १९७८ च्या जुलैत आठवडाभर फाटकावरची पाळी माझ्याकडे होती. हातात वही, येणाऱ्याचा टाय, बूट, नखे बघायची.

चुलतभाऊ आणि मी त्या दिवशीही गावातून बरोबरच निघालो होतो. डोक्यावर एकच घोंगडी. अर्ध्या वाटेत त्याने सांगितले की टाय जळाला. रात्री चुलीवरच्या दोरीला वाळत घातला होता, तो खाली निखाऱ्यावर पडला. टेरिलीनचे कापड, ते जळत नाही, वितळते. शाळेच्या दुकानात नवा टाय चौदा रुपयांना होता. चुलत्यांच्या पाठीत त्या उन्हाळ्यापासून उसण भरलेली, हमाली बंद. लावणी होईपर्यंत घरात रोकड येणार नव्हती. पूर्वीचे दिवस असते तर त्याने माझ्या घरचा जास्तीचा मरून टाय गळ्यात घातला असता आणि विषय संपला असता. आता माझ्या घरात दोन टाय होते, आणि दोन्ही निळे.

मी पुढे होऊन फाटकावर उभा राहिलो. तो पाचदहा मिनिटे बाहेर झाडाखाली थांबला. आत येणाऱ्या मुलांत घुसून निघून जाईल, असे मला वाटले होते. मी दुसरीकडे बघितलेही असते. पण पिवळ्याचा नायक आणि एक शिक्षक माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, आणि तेव्हाच तो समोर आला. त्याच्या शर्टाची कॉलर त्याने वरच्या बटणापर्यंत लावली होती. त्याने काहीच सांगितले नाही. मीही काही विचारले नाही. वहीत त्याचे नाव लिहिले, पुढे पिवळे, पुढे वजा पाच. अक्षर चांगले काढले होते, हेही आठवते.

त्या महिन्यात निळे पिवळ्यापेक्षा तीन गुणांनी पुढे राहिले. सिनेमा आम्ही पाहिला. कोणता ते आज आठवत नाही, आणि याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते. पिवळ्याच्या पोरांनी त्याला मैदानामागे गाठून काय केले ते त्याने कधी सांगितले नाही. पंधरा दिवसांनी त्याच्या गळ्यात नवा टाय आला, माझ्या आईने गुपचूप पैसे दिले होते. तो दिवाळीपर्यंत शाळेत आला. जाताना बरोबर, येताना बरोबर. सुट्टीनंतर पहिल्या सकाळी मी त्याच्या दाराशी उभा राहिलो तर चुलती म्हणाली, "त्यो गेला भात झोडायला. आता न्हाय यायचा." शाळेने पत्र पाठवले, मास्तर येऊन गेले, तो बधला नाही. एका टायपायी शाळा सुटली असे मी म्हणणार नाही. चुलत्यांचे दुखणे होते, घरी धाकटी भावंडे होती, कारणे भरपूर होती. पण ती कारणे मे महिन्यातही होती.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे दोन ओळींत सांगण्यासारखी. मी बँकेत लागलो, गावोगाव फिरलो, पुण्यात घर केले. त्याने शेती केली, द्रुतगती मार्गात थोडी जमीन गेली, त्या पैशांतून टेम्पो घेतला, मुलगा शिकवला. लग्नाकार्यात आम्ही एका पंगतीला बसतो. त्या सकाळीबद्दल एक अक्षर आमच्यात कधी झाले नव्हते. बोलायचे मी अनेकदा ठरवले, पण प्रत्येक वेळी कोणीतरी पाणी घेऊन येई किंवा गाडीची वेळ होई. न बोलण्याला निमित्ते कधी कमी पडत नाहीत.

तर त्या रविवारी लोकलने लोणावळा गाठले आणि गावात गेलो. ओसरी आता नाही, स्लॅबचे घर आहे. जिन्याला लोखंडी कठडा आहे. नातू पाचवीत गेलेला, तरतरीत. आधीच्या शाळेत त्याला इलास्टिकचा टाय होता, गाठ दुकानातूनच बांधून आलेली, मानेमागे रबर. नव्या शाळेत खरा टाय आहे आणि रबरवाला चालत नाही. मी टाय घेतला, कठड्याला घालून दाखवला, मग त्याच्या गळ्यात. बँकेच्या समारंभांसाठी शिकलेली ती जाड, दुहेरी गाठ मी मारली. चुलतभाऊ खुर्चीत बसून बघत होता. म्हणाला, "ही मामाची गाठ न्हाय."

मग तो उठला. टेम्पोचे स्टिअरिंग धरून बोटे आखडलेली आहेत, तरी त्याने माझी गाठ एका झटक्यात सोडली. रुंद टोक वरून, मागून, पुन्हा वरून, खालून वर आणि फासात. गाठ हनुवटीखाली सरकवताना त्याने पोराची कॉलर दोन बोटांनी मोडून नीट बसवली, मामा करायचा तशीच.

"पाच मार्क होते ना रं?" त्याने माझ्याकडे न बघता विचारले.

"पाच," मी म्हणालो.

"मला चार वाटत होते."

मी आणखी काही बोलणार होतो. तेवढ्यात पोरगा आरशातून मागे वळला आणि टायवरच्या रेघांवर बोट ठेवून म्हणाला, "आजोबा, मी ब्लू हाऊसमध्ये आहे. तुमचं कुठलं होतं?"

"ह्यांचं बी निळंच," चुलतभाऊ म्हणाला. "आणि पाऊस आला तर काढून दप्तरात ठेवायचा. भिजला तर लगेच आजीकडं द्यायचा, पंख्याखाली घालती ती." मग सूनबाईंना हाक मारून त्याने चहा टाकायला सांगितले. चारची लोकल मला मिळाली नाही, सव्वापाचच्या लोकलने निघालो.